निकाल लागल्यानंतरची कथा

मुस्लिम मराठी कथेतील स्त्रीचा विचार करताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. या कथेत तलाक भरपूर आहे, तलाकनंतरचे मात्र फार थोडे आहे. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आजपर्यंत वार्षिकांतून आणि ईद विशेषांकांतून आलेल्या या विषयावरच्या कथा डोळ्यांपुढे आणल्या तर त्यांचा एक ठरीव साचा दिसू लागतो. रात्रीचे भांडण, सासूचे टोमणे, कोपऱ्यात झोपलेली मुले, नवऱ्याचा चढत गेलेला पारा आणि मग ते तीन शब्द. दुसऱ्या दिवशी माहेरच्या वाटेवर मुलांचा हात धरून निघालेली बाई. लेखक पुरोगामी असेल तर ही बाई कोर्टाची पायरी चढते, न्यायाधीश तिच्या बाजूने निकाल देतात आणि कथा संपते. वाचकाच्या मनातही मग ही बाई सुटली अशीच नोंद होते.

प्रत्यक्षात त्या दिवशी तिच्या हाती पडलेला असतो एक कागद. त्यावर दरमहा अमुक इतके रुपये पोटगी द्यावी असे लिहिलेले असते. तो कागद आणि ते रुपये यांच्यामधले अंतर किती आहे आणि ते कसे तुडवावे लागते, हा आपल्या साहित्याचा विषय फारसा झालेला नाही. माझ्या मते ही उणीव किरकोळ नाही. तलाकचे आपले सगळे चित्रणच तिच्यामुळे एकांगी राहिले आहे. तसे का झाले आणि त्यात काय हरवले, याची थोडी तपासणी येथे करायची आहे.

साचा कुठून आला हे सांगणे अवघड नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची ठळक मागणी होती. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले आणि तोच प्रश्न पुढे चालला. बाजूने बोला की विरोधात बोला, वादाचा मध्यबिंदू तलाकचा उच्चार हाच राहिला. हिंदी सिनेमाने त्याला गाणी जोडली. बी. आर. चोप्रांचा ‘निकाह’ १९८२ साली आला आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतही बायका तो पाहून रडल्या. त्यातली नीलोफर दोन्ही पुरुषांना शेवटी जे सुनावते ते धारदार आहे, पण हा नवाबी घराचा चित्रपट आहे. भाडे थकले, रेशन संपले, मुलाची फी भरायची राहिली, अशा गोष्टींना त्यात जागा नाही. आपल्या कथांनी नवाबी हवेली सोडली, खोली भाड्याची केली, भाषा बोलीची केली, तरी कळसाची जागा तीच ठेवली.

त्या कथांची गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. ज्या काळात हे बोलणेच कठीण होते त्या काळात त्या लिहिल्या गेल्या. परंतु वापरून वापरून ते तीन शब्द आता कथेतला एक हुकमी आवाज झाले आहेत. तो आवाज आला की वाचकाने दचकायचे, एवढेच काम त्यांना उरले आहे.

आता न्यायालयीन कागदांकडे वळू. साहित्याच्या अभ्यासकाने निकालपत्रे वाचावीत, कारण त्यांत तलाकचे जे चित्र दिसते ते आपल्या कथांतल्या चित्राहून फार वेगळे आहे.

शाहबानो प्रकरणाचा क्रम पाहा. १९३२ साली लग्न, १९७५ साली घराबाहेर काढले जाणे, एप्रिल १९७८ मध्ये दरमहा ५०० रुपये पोटगीसाठी इंदूरच्या न्यायालयात अर्ज. तलाक कधी झाला? ६ नोव्हेंबर १९७८ रोजी, म्हणजे अर्ज दाखल झाल्यानंतर सात महिन्यांनी. नवरा स्वतः वकील होता. शमीम आरा यांचा अर्ज १९७९चा. त्यावर नवऱ्याने १९९० साली लेखी कैफियत दिली आणि तीत लिहिले की आपण हिला १९८७ सालीच तलाक दिला आहे. इथे रात्रीचे भांडण नाही, संताप नाही, चढलेला पाराही नाही. अर्जाला दिलेले हे उत्तर आहे. आपल्या कथेत तलाक रागातून येतो. कागदांतला हा तलाक हिशेबातून आलेला आहे. पोटगी टाळायची तर बायको ही बायको राहता कामा नये, एवढाच तो हिशेब. हा नवरा आपल्या कथेत का आला नाही? रागीट नवऱ्याला शेवटी पश्चात्ताप देता येतो, रडवता येते, हलालाचा पेच उभा करता येतो. हिशेबी नवऱ्याचे लेखकाला काय करावे ते कळत नाही.

या संदर्भात आपल्याच शहरात लिहिला गेलेला एक मजकूर महत्त्वाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात मे २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने दिलेला तो निकाल. ‘दगडू छोटू पठाण विरुद्ध रहीमबी दगडू पठाण’ या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, परंतु खंडपीठाचे हे काम औरंगाबादच्याच नावावर नोंदले गेले आहे. नावापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. दगडू पठाण! मुले जगत नसली की पुढच्या लेकराचे नाव दगडू, धोंडू असे ठेवायचे, ही आपल्या मुलखाची रीत. ती पठाणाच्या घरीही पाळली गेली. मुस्लिम मराठी माणूस म्हणजे कोण, यावर आपण संमेलनांतून इतके परिसंवाद घेतले. या खटल्याचे नुसते नाव त्याचे उत्तर देते.

पण मुद्दा वेगळा आहे. या पूर्णपीठापुढे प्रश्न होता तो असा: बायकोने पोटगी मागितली आणि नवऱ्याने न्यायालयात लिहून दिले की मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे, तर तेवढ्याने तलाक झाला असे मानायचे का? आपल्या न्यायालयांत विरुद्ध पक्षाच्या उत्तराला ‘म्हणणे’ असा साधा शब्द आहे. ‘विरुद्ध पक्षाने म्हणणे दाखल केले’ असे रोजनाम्यात लिहिले जाते. म्हणजे प्रश्न असा होता की, नवऱ्याचे नुसते म्हणणे हे तलाक आहे का? पूर्णपीठाने नाही असे उत्तर दिले. तलाक दिला हे इतर कोणत्याही गोष्टीसारखे पुराव्याने सिद्ध करावे लागेल. त्याला वाजवी कारण होते, दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झाला होता आणि तो फसला, हेही दाखवावे लागेल. विशेष म्हणजे हे सांगण्यासाठी न्यायालय शरीयतच्या बाहेर गेले नाही. कुरआनने घालून दिलेली मध्यस्थीची पायरीच त्याने नवऱ्यापुढे ठेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात याच दिशेचा निकाल दिला. तिहेरी तलाकवर देशभर गदारोळ झाला तो २०१७ साली. त्याआधी पंधरा वर्षे, कोणताही गाजावाजा न होता, या शहरातल्या न्यायालयाने नवऱ्याच्या शब्दाची एकतर्फी सत्ता काढून घेतली होती. आपल्या वार्षिकांनी त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

दुसरा मजकूर आहे १९८६च्या कायद्याचा. शाहबानो निकालानंतर जे रण माजले त्याची सांगता म्हणून हा कायदा झाला. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला नवऱ्याने वाजवी आणि न्याय्य तरतूद व निर्वाह इद्दतीच्या काळात द्यावा, असे त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. सगळा झगडा एका शब्दयोगी अव्ययाचा. इद्दतीच्या काळात की इद्दतीच्या काळापुरता? ‘पुरता’ म्हटले तर तीन महिन्यांनी नवरा मोकळा. ‘काळात’ म्हटले तर त्या तीन महिन्यांच्या आत त्याने तिच्या पुढच्या आयुष्याची सोय करून दिली पाहिजे. कवितेतल्या एका अव्ययावर आपण तास तास चर्चा करतो. इथे त्या अव्ययावर हजारो बायकांची चूल अवलंबून होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली करीम शेख यांच्या प्रकरणात दुसरा अर्थ घेतला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २८ सप्टेंबर २००१ रोजी दानियल लतिफी खटल्यात तोच अर्थ देशासाठी कायम केला. फौजदारी संहितेच्या कलम १२५ मधली ५०० रुपयांची मर्यादा त्याच महिन्यात, चार दिवस आधी, उठली होती. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. १९८६च्या कायद्याबरोबर कलम १२५चा मार्गही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला खुला आहे, असे त्याने सांगितले. जुन्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तीत हेच कलम १४४व्या क्रमांकावर आहे.

इथवरचा प्रवास हा हक्क मिळवण्याचा. त्यावर बोलणारे लोक आहेत, पुस्तके आहेत, शोधनिबंध आहेत. वसुलीबद्दल बोलणारे थोडे. शाहबानोंना उच्च न्यायालयाने दरमहा १७९ रुपये २० पैसे ठरवून दिले होते. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम कायम केला. त्या निकालावर लाखो लोक रस्त्यावर आले, संसद हलली आणि नोव्हेंबरात खुद्द शाहबानोंनीच तो निकाल आपल्याला नको असे जाहीर केले. हे १७९ रुपये २० पैसे दर महिन्याला कोणी, कसे, कुठे नेऊन द्यायचे, हा त्या साऱ्या गदारोळात चर्चेचा विषय झाला नाही. तत्त्व मोठे होते, रक्कम लहान होती.

न्यायालयाची आपली भाषाच पाहावी. अर्ज, वकील, तारीख, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, जप्ती, वसुली, जामीन. सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले, निजामाच्या मुलखातल्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेले. या सगळ्या दरबारी शब्दांच्या मधोमध जो एक शब्द अस्सल मराठी आहे तो ‘पोटगी’. पोटावरून आलेला. बाईला हवी असते ती एवढीच गोष्ट आणि तिच्यापर्यंत जायला तिला बाकीचे सगळे शब्द ओलांडावे लागतात.

हुकूम झाल्यावर नवऱ्याने पैसे दिले नाहीत तर काय होते? बाईने पुन्हा अर्ज करायचा. याला वसुलीचा अर्ज म्हणतात, दिवाणी बाजूने गेले तर दरखास्त. कायद्याने हुकमाची नक्कल तिला मोफत मिळते आणि नवरा देशात जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत तो हुकूम अमलात आणता येतो. कागदावर तरतूद चांगली आहे. पण रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज झाला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. म्हणजे हाती हुकूम असलेल्या बाईने कॅलेंडर बघत राहिले पाहिजे. मग नोटीस निघते. नवऱ्याने घर बदललेले असते. किराडपुऱ्याच्या पत्त्यावर गेलेला कागद परत येतो, नारेगावच्या पत्त्यावरचाही येतो. पोलिसाच्या अहवालात तीन शब्द असतात: ‘मिळून आला नाही’. साहित्यिकांनी इतकी वर्षे ज्या तीन शब्दांवर कथा रचल्या त्यांच्यापेक्षा हे तीन शब्द मला अधिक भयंकर वाटतात. हा नवरा संध्याकाळी शहागंजात चहा पिताना साऱ्या मोहल्ल्याला दिसत असतो. फक्त वॉरंटाला मिळून येत नाही.

पुढे तो सापडला, उभा राहिला, की दंडाची रक्कम वसूल करावी तशी जप्ती करता येते. वसुली झालीच नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंतचा तुरुंगवास आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली कुलदीप कौर खटल्यात स्पष्ट केले की तुरुंगात बसल्याने देणे फिटत नाही. तुरुंग हा वसुलीसाठीचा दबाव आहे, पैशाचा मोबदला नाही. आपल्या मोहल्ल्यांत आजही उलटा समज आहे. ‘मी आत जाऊन आलो, आता माझे काही देणे नाही’ असे म्हणणारे पुरुष आहेत आणि ते खरे मानणाऱ्या बायकाही आहेत. समजा दरमहा ३,००० रुपयांचा हुकूम आहे आणि बारा महिने थकले आहेत. महिनाभर आत राहून नवरा बाहेर आला तरी ३६,००० रुपये तिचे येणे आहेच. एवढी एक गोष्ट जरी एखाद्या कथेतून वाचकांपर्यंत गेली असती तरी त्या कथेचे काम झाले असते.

नवऱ्याला पगारपत्रक असेल तर वाट सोपी आहे. दिवाणी संहितेच्या ६०व्या कलमात पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांशच सुरक्षित ठेवला आहे, बाकीचा जप्त होऊ शकतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात तर थेट मालकालाच आदेश देता येतो की याच्या पगारातून कापा आणि बाईला द्या. तलाक झाला म्हणून हा कायदा लागू होत नाही असे समजण्याचे कारण नाही. लग्न टिकून असतानाच्या छळासाठी घटस्फोटानंतरही या कायद्याखाली दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मुंबईच्याच एका मुस्लिम स्त्रीच्या प्रकरणात सांगितले आहे. पण पगारपत्रक किती जणांकडे आहे? आपल्याकडचा नवरा वाळूजला कंत्राटदाराच्या हाताखाली, गॅरेजवर, सेंट्रिंगवर, दुसऱ्याच्या रिक्षावर. त्याची कमाई रोजची आणि रोखीची. जप्तीला हात घालायला काही सापडत नाही. इथे नवऱ्याला नुसता खलनायक करून भागत नाही, हेही कबूल केले पाहिजे. त्याचेही दुसरे घर झालेले असते, तिथेही मुले असतात, आणि ३,००० रुपये हा त्याच्यासाठी खरोखर मोठा आकडा असतो. दोन घरांत एकाच्या पुरतीही कमाई नाही, आणि न्यायालयाचा हुकूम एका घराच्या हातात आहे. कादंबरी लिहायला याहून मोठे द्वंद्व कोणते हवे?

या कारणानेच १९८६च्या कायद्याकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. तो कायदा कोणत्या राजकारणातून आला हे सर्वांना माहीत आहे आणि त्यावर झालेली टीका योग्य आहे. तरी लतिफी खटल्याने त्याला जो अर्थ दिला त्यातून एक गोष्ट हाती आली: एकरकमी तरतूद. दरमहाची पोटगी म्हणजे दरमहा नवऱ्याच्या मागे लागणे, दरवर्षी अर्ज, दर अर्जाला नोटीस. एकरकमी तरतुदीची वसुली एकदाच करायची असते आणि ती बुडवली तर त्या कायद्यात एक वर्षापर्यंतची कैद आहे. ज्याच्याकडे जमीन, प्लॉट किंवा दुकान आहे त्याच्याविरुद्ध हा मार्ग अधिक उपयोगाचा ठरू शकतो. दरमहाच्या पोटगीचा मार्ग खुला झाला म्हणून २०२४ साली आपण आनंद मानला, तो रास्तच होता. पण दोन्ही हत्यारांतले कोणते कुठे चालवायचे याचा विचार बाईबरोबर बसून कोणी तरी करायला हवा. मुलांची पोटगी तर या सगळ्या वादाच्या बाहेर आहे. आईला काय मिळते याच्याशी तिचा संबंध नाही, बापाची ती जबाबदारी मुले सज्ञान होईपर्यंत राहते, हे १९९७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने नूर सबा खातून खटल्यात ठरवून टाकले आहे.

याच कायद्याचे चौथे कलम सहसा कोणी वाचत नाही. बाईकडे उदरनिर्वाहाचे साधन नसेल तर तिचे वारस होऊ शकणारे नातलग, तेही देऊ शकत नसतील तर शेवटी राज्याच्या वक्फ मंडळाने तिचा निर्वाह करावा, असे त्यात आहे. नातलगांच्या दारोदार आधी फिरावे लागत नाही, थेट मंडळाविरुद्ध मागणी करता येते, असे १९९६ साली तामिळनाडूच्या प्रकरणात ठरले. महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाचे मुख्यालय कुठे आहे? आपल्याच शहरात, पाणचक्कीला. पर्यटक तिथे पाण्यावर फिरणारे जाते बघायला येतात. ते जाते मुसाफिरांसाठी, फकिरांसाठी धान्य दळत असे. वक्फच्या जमिनींवरून आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, लेख लिहितो, आणि त्या जमिनींच्या उत्पन्नावर कायद्याने ज्या बाईचा हक्क लिहून ठेवला आहे तिचे नाव त्या निवेदनांत क्वचितच असते. आपल्या लेखकांपैकी कोणालाही पाणचक्की हे या बाईच्या कथेचे स्थळ वाटले नाही, याचे मला नवल वाटते.

ही कल्पना परदेशातल्या मुस्लिम समाजांना परकी नाही. ट्युनिशियाने १९९३ साली पोटगीसाठी हमी निधी काढला: न्यायालयाने ठरवलेली रक्कम घटस्फोटित नवरा देत नसेल तर निधी ती बाईला आणि मुलांना देतो आणि मग नवऱ्याकडून स्वतः वसूल करतो. इजिप्तमध्ये २००४च्या कायद्याने कुटुंब विमा निधी झाला आणि नासिर सोशल बँकेतून नफका दिला जाऊ लागला. या व्यवस्थाही तक्रारींपासून मुक्त नाहीत. पण वसुलीचे ओझे बाईच्या डोक्यावरून काढून राज्याच्या डोक्यावर ठेवणे, हे तत्त्व तरी त्यांनी मान्य केले. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला आणि २०१९ साली त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा कायदा झाला. पुन्हा ते तीन शब्दच मध्यभागी आले. त्या कायद्यातही बाईला निर्वाहभत्ता मिळण्याचे कलम आहे, पण आत बसलेल्या नवऱ्याकडून तो वसूल कसा व्हायचा, याचे उत्तर त्यात शोधून सापडत नाही. कायदा करणाऱ्यांनीही, म्हणजे, आपल्या कथाकारांइतकाच विचार केला.

आता साहित्याकडे परत येतो, कारण कोणी म्हणेल की साहित्य म्हणजे काही कायद्याची मार्गदर्शिका नव्हे. खरे आहे. पण हा विषय कलेला परवडत नाही असेही नाही. शेजारच्या कन्नडमध्ये बानू मुश्ताक यांनी तो कधीच हाताळला आहे. त्यांच्या एका कथेत मुली झाल्या म्हणून नवऱ्याने टाकलेली बाई आजारी लेकरासह मशिदीत बसते आणि मुतवल्लीकडे आपला हक्क मागते. गिरीश कासरवल्लींनी तिच्यावरून २००४ साली ‘हसीना’ हा चित्रपट केला आणि त्यातील भूमिकेसाठी तारा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बानू मुश्ताक स्वतः वकील आहेत. त्यांच्या कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या ‘हार्ट लॅम्प’ या इंग्रजी अनुवादाला २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, तेव्हा आपल्याकडे अभिनंदनाचे ठराव झाले. ठराव करताना ही गोष्ट कोणी लक्षात घेतली का, की या बाईच्या कथेतले भांडण नवऱ्याने काय उच्चारले यावर चाललेले नाही? ते औषधाच्या पैशांवर चालले आहे. ज्याच्या हाती निवाडा आहे असा माणूस टाळत राहतो आणि बाई बसून राहते. थांबणे हाच त्या कथेचा कणा आहे.

आपल्या कथेला हे थांबणे जमत नाही, हा खरा वाङ्मयीन अडथळा असावा. तारीख पडणे ही नाट्यहीन घटना आहे. बाई सकाळी डबा करते, मुलाला शेजारी ठेवते, सहाआसनी रिक्षातून येते, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात उभी राहते, आणि साहेब रजेवर आहेत असे कळून परत जाते. यात कळस कुठे आणायचा? मग लेखक हे सारे ‘अनेक वर्षे कोर्टाच्या चकरा मारल्या’ अशा एका वाक्यात उरकतो. ती वर्षेच तर कथा होती. त्या व्हरांड्यात बायका एकमेकींना ओळखू लागतात, कोणत्या दिवशी कोणाची तारीख ते त्यांना पाठ होते, एखादी नवखी आली तर जुनी तिला अर्ज कुठे द्यायचा ते दाखवते. ही माणसे, ही बोली, ही दखनी-मराठीची मिसळ आपल्याशिवाय दुसरे कोण लिहिणार?

सामग्रीची वाण तर नाहीच. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या राजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी जो निकाल झाला, त्याने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि पोटगीचा हुकूम दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता यावा असे सांगितले. त्याचबरोबर दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असा नमुनाही घालून दिला. शेती करणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. तो एकदा लेखकाच्या नजरेने वाचावा. घर, कमाई, कर्ज, आजार, अवलंबून असलेली माणसे, सगळे त्यात भरायचे असते. त्यात एक भाग असा आहे की समोरच्याच्या कमाईबद्दल आणि मालमत्तेबद्दल तुम्हाला जे माहीत असेल ते लिहा. बाई वकिलाच्या टेबलाशी बसते आणि आठवू लागते. रिक्षा भावाच्या नावावर आहे पण हप्ता हाच भरतो. पडेगावकडे एक प्लॉट घेतला होता, कागद सासूच्या पेटीत. दर महिन्याच्या दहा तारखेला भिशी. गॅरेजवाल्याकडे आगाऊ ठेवलेले वीस हजार. कारकून विचारतो, आणखी काही? ती म्हणते, थांबा, सांगते.